निपुत्रिकाशी झालेला करार

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. राणी दर्याबाईंनी नात्यातल्या यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव जानोजी ठेवले. शास्त्राने आणि रिवाजाने भोसल्यांच्या गादीला वारस मिळाला होता. कलकत्त्यात बसलेल्या गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही. त्याचा युक्तिवाद सरळ होता : १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर हे राज्य ईस्ट इंडिया कंपनीचे झाले होते, १८१८ मध्ये कंपनीने ते रघुजींना दिले, आता त्यांना औरस वारस नाही, तेव्हा ते देणाऱ्याकडे परत आले. त्याच्याच मंडळातले कर्नल जॉन लो यांनी विरोधी मत लेखी नोंदवले. त्याचा उपयोग झाला नाही. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले.

पुढे जे झाले ते नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. राजाचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्याला गेले. दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई यांनी वाड्यातले सामान हलवाल तर वाड्यालाच आग लावीन, अशी भाषा केली. पण कागद कंपनीच्या बाजूने होता आणि त्या कागदाचा अर्थ लावण्याचा अधिकारही कंपनीचाच होता.

नागपूरने अर्ध्या शतकात असे कितीतरी कागद पाहिले होते. १७ डिसेंबर १८०३ रोजी एलिचपूरच्या बाजूला देवगाव येथे दुसऱ्या रघुजींच्या वतीने यशवंतराव रामचंद्र यांनी कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्लीशी तह केला. पहिल्याच कलमात दोन्ही पक्षांमध्ये अखंड मैत्री राहील असे लिहिले होते. पुढच्या कलमांत कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. मे १८१६ मध्ये भोसले घराण्यातल्या आप्पासाहेबांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. दीड वर्षाच्या आत, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी, सीताबर्डीच्या टेकड्यांवर त्याच दोन पक्षांच्या तोफा एकमेकांवर चालल्या. १८२६ मध्ये तिसऱ्या रघुजींशी नवा तह झाला. प्रत्येक कागदात मैत्रीची ग्वाही होती, आणि बळ ज्याच्याकडे होते त्याच्या सोयीपुरतीच ती टिकली.

ज्या वर्षी नागपूरच्या तहांचा शेवट झाला, त्याच वर्षी त्याच शहरात एक स्कॉटिश माणूस मुलांना दुसऱ्या एका कराराची गोष्ट शिकवत होता. त्या कराराची सुरुवातही एका निपुत्रिक माणसापासून होते.

डन्सच्या टेकडीपासून सीताबर्डीपर्यंत

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा. सीताबर्डीची लढाई झाली तेव्हा तो अडीच महिन्यांचा होता. त्याचे गाव डन्स, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचे. गावाला लागून डन्स लॉ नावाची टेकडी आहे, आणि स्कॉटलंडच्या इतिहासात त्या टेकडीचे नाव एका करारामुळे राहिले आहे.

राजा पहिला चार्ल्स याने स्कॉटिश मंडळीवर आपल्या पसंतीची उपासनापद्धती लादली. त्याविरुद्ध २८ फेब्रुवारी १६३८ रोजी एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये सरदार, पाळक, व्यापारी आणि सामान्य लोक यांनी राष्ट्रीय करारावर सह्या करायला सुरुवात केली. त्याच्या प्रती गावोगाव फिरल्या. आशय असा, की आम्ही देवाशी आणि एकमेकांशी बांधलेले आहोत, आणि मंडळीचा मस्तक ख्रिस्त आहे, राजा नव्हे. पुढच्या वर्षी करारवाल्यांचे सैन्य अलेक्झांडर लेस्लीच्या नेतृत्वाखाली डन्स लॉवर तळ देऊन राजाच्या सैन्यासमोर उभे राहिले. त्या लोकांनी पुढे फार सोसले. छळ झाला, फाशी गेले, रानोमाळ लपून उपासना केली. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. १६४३ मध्ये इंग्लंडबरोबर दुसरा करार झाला, तेव्हा ज्यांच्या मनाला तो पटत नव्हता त्यांच्याकडूनही सक्तीने सह्या घेण्यात आल्या. देवाशी केलेला करार शेजाऱ्याच्या मानेवर ठेवला की त्यातला प्राण जातो, हे स्कॉटलंडला त्यातून शिकावे लागले.

हिस्लॉप तरुणपणी एडिंबरो आणि ग्लासगोला शिकला. तो शिकत असताना जुना वाद नव्या रूपात पेटला होता : गावच्या मंडळीवर पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने? १८ मे १८४३ रोजी थॉमस चाल्मर्स यांच्यासह चारशेहून अधिक पाळक राज्याश्रित चर्चमधून बाहेर पडले. राहती घरे, पगार, देवळे यांच्यावर त्यांनी पाणी सोडले आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड उभे केले. भारतातले स्कॉटिश मिशनरीही, मुंबईचे जॉन विल्सन आणि कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ यांच्यासह, या नव्या निर्धन चर्चबरोबर गेले. या चर्चने १८४४ च्या अखेरीस हिस्लॉपला नागपूरसाठी पाठवले.

१८४५ मध्ये तो इथे पोहोचला. जवळ कामठीला मद्रास फौजेची छावणी होती. तिथले तेलुगू आणि तामिळ बोलणारे शिपाई व त्यांची कुटुंबे यांच्यातही त्याचे काम चाले. १८४६ मध्ये त्याने नागपुरात शाळा काढली. पुढे रॉबर्ट हंटर हा सहकारी मिळाला. दोघे शिकवत, प्रचार करत, आणि फिरताना दगड फोडून त्यांत जुन्या जिवांचे ठसे शोधत. नागपूरच्या भूगर्भावरचे त्यांचे लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपर्यंत गेले. हिस्लॉपाइट या खनिजाला त्याचेच नाव आहे. शहरातल्या हिस्लॉप कॉलेजला १८८३ मध्ये कॉलेजचे रूप आले, त्याचे मूळ या शाळेत आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हटली पाहिजे. ज्या राष्ट्राने भोसल्यांचे राज्य घेतले, त्याच राष्ट्राचा हा माणूस होता. त्याची शाळा त्या सत्तेच्या छायेत वाढली. नागपूरच्या माणसाने त्याच्या तोंडून देवाच्या कराराची गोष्ट ऐकताना मनात देवगावचा आणि १८२६ चा तह आठवला असेल, तर त्यात त्याचे काय चुकले? करार सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात ते त्याने करार कसे पाळले हे पाहून. म्हणूनच, बायबलमधला करार नेमका कसा आहे हे शांतपणे पाहायला हवे.

तहाच्या साच्यात ओतलेली वेगळी गोष्ट

बायबलमधल्या करारांचा साचा राजकीय तहांचा आहे. १९५४ मध्ये अमेरिकन अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी हित्ती सम्राटांचे त्यांच्या मांडलिकांशी झालेले तह आणि सीनाय पर्वतावरचा करार यांची तुलना मांडली. आरंभी सम्राट आपली ओळख सांगतो. मग आपण मांडलिकावर केलेले उपकार आठवून देतो. त्यानंतर अटी, साक्षीदार, आणि शेवटी पाळल्यास मिळणारे आशीर्वाद व मोडल्यास येणारे शाप. दहा आज्ञा याच चालीने सुरू होतात : मिसरच्या दास्यातून तुम्हाला सोडवणारा मी तुमचा देव, ही ओळख आणि हा उपकार आधी, आज्ञा त्यानंतर. पुढच्याच वर्षी इराकमधल्या निमरूदला ॲसिरियन सम्राट एसरहद्दोनच्या इसवी सनापूर्वी ६७२ मधल्या तहांच्या पाट्या सापडल्या, आणि त्यांतले शाप व अनुवाद या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले शाप यांचे साम्य अभ्यासकांच्या नजरेत भरले. इस्राएल हे दोन साम्राज्यांच्या मधले चिमुकले राष्ट्र होते. बलाढ्याशी तह म्हणजे काय, हे त्याला नागपूरइतकेच चांगले ठाऊक होते. आपल्या देवाबद्दल बोलायला त्याने तीच भाषा घेतली आणि तिचा आशय मुळापासून बदलला.

हा बदल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात दिसतो. अब्राहाम म्हातारा होत चालला आहे, मूल नाही. त्याची देवाकडे पहिली तक्रारच वारसाची आहे : माझ्यामागे माझे सगळे दमास्कसच्या अलियेजराकडे, घरातल्या चाकराकडे जाणार. देव त्याला बाहेर नेतो, तारे दाखवतो आणि तुझी संतती एवढी होईल असे वचन देतो. नंतर कराराचा विधी होतो. कालवड, शेळी आणि एडका यांचे दोन-दोन भाग करून समोरासमोर मांडले जातात. त्या काळच्या रीतीप्रमाणे करार करणारा त्या तुकड्यांमधून चालत जाई. अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझी अशीच गत होवो. बलाढ्य आणि दुर्बळ यांच्यात तह होताना ही शपथ दुर्बळाने घ्यायची. या गोष्टीत अब्राहामाला गाढ झोप लागते, काळोख पडतो, आणि धुमसणारी भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. तुकड्यांमधून जातो तो देव. शाप तो स्वतःवर घेतो. अब्राहाम चालतच नाही.

डलहौसीच्या हिशेबात वारस नसणे हे तह संपण्याचे कारण होते. इथे वारस नसलेल्या माणसाशीच करार सुरू होतो, आणि वारस हीच कराराची देणगी असते.

ख्रिस्ती माणूस बायबल वाचतो तेव्हा या एका घटनेच्या मागे-पुढे करारांची ओळ पाहतो. आधी नोहा : पुरानंतर देव नोहाशी, त्याच्या वंशाशी आणि प्रत्येक सजीव प्राण्याशी करार करतो, खूण म्हणून ढगात धनुष्य ठेवतो. या करारात माणसाकडून काहीच अट नाही, आणि त्यात पशुपक्षीही आहेत. मग अब्राहाम, सुंतेची खूण आणि शंभराव्या वर्षी झालेला इसहाक. मग मोशे आणि सीनाय : निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात बलीचे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले जाते, आणि लोक आम्ही पाळू म्हणून शब्द देतात. या कराराच्या कलमांत विधवा, पोरके आणि परदेशी यांना न छळण्याची आज्ञा ठळक आहे, कारण तुम्हीही मिसरात परके होता. मग दावीद, ज्याच्या घराण्याला सिंहासनाचे वचन मिळते.

लोक करार मोडतात. संदेष्टे ते परखडपणे सांगतात. होशेयाला तर हे नाते मोडलेल्या लग्नासारखे दिसते, आणि तरी तो सांगतो की देव सोडून दिलेल्या बायकोला पुन्हा बोलावतो. शेवटी इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात बाबिलोनी फौजा यरुशलेमला वेढा घालतात, मंदिर जळते, दावीदाचे सिंहासन रिकामे होते. राजकीय दृष्टीने पाहिले तर सगळे करार तिथे संपायला हवे होते. त्याच पडझडीच्या काळात यिर्मया एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराबद्दल बोलतो. तो दगडी पाट्यांवर लिहिलेला नसेल, लोकांच्या अंतःकरणावर असेल. लहानथोर सगळे देवाला ओळखतील. आणि त्याचा पाया क्षमा असेल.

सुमारे सहा शतकांनी, वल्हांडणाच्या रात्री, येशू प्याला हातात घेऊन आपल्या रक्तातला नवा करार असे त्याचे वर्णन करतो. ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म इथे आहे. अब्राहामाच्या त्या रात्री तुकड्यांमधून चालताना देवाने जो शाप आपल्यावर घेतला होता, तो क्रुसावर त्याने सोसला. करार माणसांनी मोडला, शिक्षा करार देणाऱ्याने घेतली. प्रभुभोजनाच्या वेळी नागपूरच्या, अहमदनगरच्या, मुंबईच्या मंडळीतली माणसे त्या प्याल्यातून पितात तेव्हा त्यांच्या दृष्टीने या कराराचे दर वेळी नूतनीकरण होते.

नव्या कराराच्या या आनंदात ख्रिस्ती जगाने एक मोठा अन्यायही केला. जुना करार रद्द झाला, यहुद्यांना देवाने टाकले, असे शतकानुशतके शिकवले गेले आणि त्या शिकवणीतून छळ उपजला. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, याच्या नेमके उलट सांगितले होते : देव आपली देणगी आणि आपले बोलावणे परत घेत नाही. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेत हे पुन्हा मान्य केले. कोकणात शनवार तेली म्हणून राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुदी लोकांच्या शेजारी जगलेल्या महाराष्ट्राला हे समजायला कठीण नाही. मोठ्या भावाचा हक्क काढून घेऊन धाकट्याला दिलेला वारसा हा वारसा नसतोच.

दत्तकाचा हक्क

अब्राहामाच्या वंशात जन्म न घेतलेल्यांना हा वारसा कसा मिळतो? गलतीकरांस आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौलाचे उत्तर एकच आहे : दत्तक. रोमन कायद्यात दत्तक मुलाला औरस मुलाचे पूर्ण हक्क मिळत. पौल म्हणतो, ख्रिस्तामध्ये तुम्ही तसे वारस झाला आहात. त्याच ओघात तो असेही सांगतो, की पक्का झालेला माणसाचा करारसुद्धा कोणी रद्द करत नाही किंवा त्यात मागाहून कलमे घालत नाही. मग चारशे तीस वर्षांनी आलेले नियमशास्त्र अब्राहामाला दिलेले वचन कसे रद्द करील? १८५४ च्या नागपुरात हे वाक्य वाचले असते तर राणी दर्याबाईंना ते लगेच कळले असते.

नागपूरच्या गादीचा दत्तक नाकारणाऱ्या डलहौसीच्याच कारकिर्दीत, चार वर्षे आधी, १८५० चा एकविसावा कायदा झाला होता. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले गेले म्हणून कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही, असे त्याने ठरवले. त्याआधी ख्रिस्ती झालेला हिंदू घरच्यांना मेल्यासारखा होई. त्याच्या नावाने घटस्फोट म्हणजे मडके फोडून श्राद्ध घालत आणि त्याचा वाटा जाई. कायद्याने वाटा राखला. जेवणाच्या पंगतीतली जागा, आईचा हात, गावातले नाव हे कुठलाही कायदा परत देऊ शकत नव्हता.

ते कसे गमावले जाते आणि कसे परत जोडले जाते, हे पाहायला नागपुरातच एक कुटुंब सापडते. नारायण वामन टिळक १८९१ च्या सुमाराला नागपूरला आले. इथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करत होते; ‘ऋषि’ नावाचे मासिक त्यांनी चालवले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक कवी होते, मनाने अस्वस्थ होते, वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते कळले तेव्हा त्यांचे जग कोसळले. त्या काही वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या, माहेरच्या नातलगांत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. पत्रे लिहिली, वाट पाहिली. त्या अहमदनगरला राहायला आल्या तेव्हाही आपले सोवळे-ओवळे सांभाळून राहिल्या, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांच्या मनाला स्वतःहून पटले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळे ज्या निर्मळपणे लिहिले त्याला मराठीत तोड नाही. सतराव्या शतकात स्कॉटिश करारवाल्यांनी केलेली चूक टिळकांनी घरात टाळली : त्यांनी कराराची सही कोणाकडून बळाने घेतली नाही. यिर्मयाने सांगितलेले अंतःकरणावरचे लिखाण दुसऱ्याच्या हाताने होत नाही, हे ते जाणून होते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे त्यात बंधुभावाने यावेत अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

पूर आलेला ओढा

हिस्लॉपचा शेवट त्याआधीच, ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला होता. तो मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे पाहायला गेला होता. परतताना बोरी गावच्या शाळेची परीक्षा घेण्यासाठी तो मागे थांबला. रात्री घोड्यावरून एकटा निघाला आणि पावसाने फुगलेल्या ओढ्यात वाहून गेला. तेव्हा त्याचे वय शेहेचाळीसला चारच दिवस कमी होते.

त्याच्या कागदांत गोंड आणि इतर आदिवासी समाजांविषयीची टिपणे होती, आणि गोंडांच्या भाटाकडून, परधानाकडून, उतरवून घेतलेली लिंगोची दीर्घ गोंडी कथा होती. टेंपल यांनी १८६६ मध्ये ती छापली. हिस्लॉपला हे लोक ख्रिस्ती व्हावेत असे मनापासून वाटत होते, यात शंका नाही. तरी त्याने त्यांची गोष्ट त्यांच्या शब्दांत लिहून ठेवली. भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या एकाही तहात गोंडांना पक्ष म्हणून जागा नव्हती, जरी नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह हा गोंड राजा होता. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याचे नीट ऐकून घेणे, हे सीनायच्या कराराचे कलम हिस्लॉपने असे पाळले.

आगमनकाळाचा पहिला रविवार

हिस्लॉपच्या कामातून वाढलेली प्रेस्बिटेरियन मंडळी पुढे १९२४ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेसह, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाली. त्यापुढचा टप्पा मोठा होता. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या चर्चनी एक व्हावे यासाठी १९२९ मध्ये लखनौला बोलणी सुरू झाली. ती चाळीस वर्षे चालली. अडचण प्रशासनाची होती, बिशपपदाची होती. आणि सर्वांत खोल अडचण कराराची होती.

प्रश्न असा : तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा का? प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि मेथॉडिस्ट हो म्हणत. अब्राहामाच्या कराराची खूण आठव्या दिवशीच्या मुलाला दिली जात होती. मूल काही समजण्याआधीच देव त्याला आपले म्हणतो. कृपा आधी, उत्तर मागून. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स नाही म्हणत. यिर्मयाच्या नव्या करारात प्रत्येकजण देवाला स्वतः ओळखणार आहे. तेव्हा ज्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल केला त्यालाच पाण्यात उतरवावे. दोन्ही बाजूंनी एकाच पुस्तकातल्या दोन करारांना घट्ट धरले होते, आणि दोन्ही बाजूंनी त्यासाठी पूर्वी युरोपात प्राणही दिले होते.

अखेर ठरले ते असे. नव्या चर्चमध्ये दोन्ही रीती मान्य राहतील. ज्या आईबापांना बालकाचा बाप्तिस्मा हवा त्यांना तो मिळेल, आणि ते मूल मोठे झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करील. ज्यांना नको ते बालकाचे समर्पण करतील आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात होईल. देवाची पुढाकाराची कृपा आणि माणसाचे मोकळे उत्तर, कराराची ही दोन्ही अंगे एका घरात राहिली. शेवटच्या क्षणी, १९७० च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकन परंपरेच्या मेथॉडिस्ट चर्चने माघार घेतली. उरलेली सहा चर्च थांबली नाहीत.

२९ नोव्हेंबर १९७०, आगमनकाळाचा पहिला रविवार. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स या सहा परंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर, राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालय इथलेच. हिस्लॉप कॉलेजचे प्राचार्य डेव्हिड मोझेस हे १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळावर निवडले गेले होते. परकीय मिशनांनी आणलेली युरोप-अमेरिकेची जुनी भांडणे भारतीय ख्रिस्ती माणसांनी आपल्या हाताने मिटवली, तीही या शहरात.

सह्या झाल्या म्हणून करार पाळला जातोच असे नाही, हे या ऐक्यालाही लागू पडले. एकत्र आलेल्या मंडळ्यांच्या मालमत्तांवरून पुढे खटले उभे राहिले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याहून दुखरी गोष्ट जातीची. याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. धर्मांतराची घोषणा करून एकवीस वर्षे त्यांनी सगळे धर्म पारखले होते. भारतातल्या चर्चमध्ये जात शिल्लक राहिली आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले होते. एकाच प्याल्यातून पिणाऱ्यांनी लग्न ठरवताना आणि कबरीची जागा देताना भेद करावा, हा नव्या कराराचा उघड भंग आहे. त्याला दुसरे सौम्य नाव देता येणार नाही.

ख्रिस्ती माणसासाठी कराराचा अर्थ या सगळ्या इतिहासातून नेमका होत जातो. देवाने पुढाकार घेतला, शाप आपल्यावर घेतला आणि परक्याला दत्तक घेतले, हा त्याच्या श्रद्धेचा पाया आहे. पण दत्तक आलेल्याने घराण्याची रीत पाळायची असते, आणि या घराण्याची रीत अशी, की दोघांत जो समर्थ असेल त्याने आधी बांधून घ्यावे. चर्चच्या संस्थेने आपल्या सर्वांत गरीब सभासदाशी, नवऱ्याने बायकोशी, जुन्या मंडळीने नव्याने आलेल्या दलित किंवा आदिवासी कुटुंबाशी, बहुसंख्येने अल्पसंख्येशी. देवगावच्या आणि १८२६ च्या तहांत बांधला गेला तो दुबळा पक्ष, आणि म्हणूनच वारसाचे निमित्त मिळताच ते संपले. अब्राहामाशी झालेला करार बलवंताने आपल्यावर घेतला होता, म्हणून चार हजार वर्षांनी माणसे त्याच्या आधाराने एकत्र येतात. आपण जो करार मानतो तो खरा आहे का, हे पारखायचे असेल तर त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला विचारावे. त्याचे उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवणे, हेच करार पाळण्याचे पहिले पाऊल आहे.